शनवार तेल्यांच्या दिव्यात तेल कोण घालतं?



पर्युषण आणि दसलक्षण आटोपले की गावोगावच्या ट्रस्टच्या बैठका होतात. जमाखर्च वाचला जातो. बोलीचे आले किती, थकले किती, पुजाऱ्याचा पगार, लाइटचं बिल, गळणारं छत. आपण बायका मागे बसून ऐकतो आणि घरी येऊन जावेला सांगतो, "एवढं मोठं मंदिर, पण रोजच्या खर्चाला पैसे नाहीत म्हणे." गंगापूरसारख्या गावात हे जास्त जाणवतं. मुलं शिकायला संभाजीनगर, पुण्याला जातात आणि तिकडचीच होतात. मंदिर मात्र इथेच राहतं, आणि त्याचा दिवा रोज लावावाच लागतो.

हाच प्रश्न आपल्या महाराष्ट्रातल्या आणखी एका छोट्या समाजापुढे कसा उभा राहिला, हे मी गेले काही महिने वाचत होते. तो समाज म्हणजे बेने इस्राएल, आपले मराठी बोलणारे ज्यू. गंगापुरात मी एकही ज्यू कुटुंब पाहिलेलं नाही. पण पुण्याला कॅम्पात गेलं की लाल देऊळ दिसतंच. त्यांचा जमाखर्च वाचताना मला पानोपानी आपलीच वही आठवत राहिली, म्हणून आज हा लेख.

देऊळ नव्हतं तेव्हा

बेने इस्राएलांची परंपरा सांगते, की त्यांचे पूर्वज फार जुन्या काळी समुद्रमार्गे येत होते. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी जहाज फुटलं आणि सात जोडपी वाचली. त्यांचा वंश कोकणातल्या गावागावांत पसरला. गावाच्या नावावरून आडनावं पडली: दिवेकर, पेणकर, रोहेकर, किहीमचे किहीमकर. बहुतेकांचा धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी, म्हणजे त्यांच्या शब्बाथला, घाणा बंद. म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणू लागले.

कित्येक पिढ्या त्यांना प्रार्थनेची स्वतंत्र इमारत नव्हती. सुंता, शब्बाथ, खाण्याचे नियम आणि सण घरातच पाळले जात. सणांची नावंसुद्धा घरातली, मराठी: नव्याचा सण, दारफाळणीचा सण, बिरड्याचा रोजा. दारफाळणीचा सण म्हणजे त्यांचा योम किप्पूर, वर्षभराच्या चुकांसाठी उपास करून क्षमा मागायचा दिवस. आपल्या संवत्सरीच्या आसपासच येतो. त्या काळात धर्म चालवायला वेगळा खर्च नव्हताच. चूल, उपास आणि घरातल्या बायकांची आठवण, एवढ्यावर धर्म टिकला. पैशाचा प्रश्न आला तो पुढे, पहिली भिंत उभी राहिली तेव्हा.

एका शिपायाचा नवस

ती भिंत मुंबईत उभी राहिली, 1796 साली. बांधणारे सॅम्युएल इझिकिएल दिवेकर, म्हणजेच सामाजी हसाजी दिवेकर. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत अधिकारी होते. म्हैसूरच्या दुसऱ्या लढाईत ते टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. सुटका झाली तर मुंबईत देवाचं घर बांधीन, असा नवस त्यांनी केला, असं सांगतात. ते सुटले आणि त्यांनी मांडवी भागात 'शआर हारहमीम', म्हणजे दयेचं द्वार, हे सिनेगॉग बांधलं. त्या रस्त्याला आजही सॅम्युएल स्ट्रीट म्हणतात. बेने इस्राएल लोक आपल्या सिनेगॉगला मशीद म्हणत. पुढे 1840च्या दशकात दुसरं सिनेगॉग झालं, तेव्हा ही झाली जुनी मशीद आणि ती नवी मशीद. रेल्वेच्या मस्जिद स्टेशनचं नाव या जुन्या मशिदीवरून पडलं, असं ही मंडळी अभिमानाने सांगतात.

नवस फेडला, इमारत झाली. पण दुसऱ्याच वर्षी, 1797 साली, दिवेकर वारले. कोचीनला गेले असताना तिथेच त्यांचा शेवट झाला. सिनेगॉग मात्र चालू राहिलं. 1860 साली ते आताच्या जागेत आलं आणि आजही उभं आहे. बांधणारा वर्षभरात गेला, तर मग सव्वादोनशे वर्षं ते चालवलं कोणी?

चालवलं पगारदार आणि पेन्शनर माणसांनी. बेने इस्राएलांत शेठ-सावकार फारसे नव्हते. कोकणातून मुंबईला आलेले पुरुष आधी फौजेत गेले, सुभेदार, जमादार झाले. नंतरच्या पिढ्या कचेऱ्यांत कारकून झाल्या, कोणी सुतार, कोणी गवंडी. अलिबागचं सिनेगॉग 1848चं, पनवेलचं 1849चं, पेणचं 1863चं, ठाण्याचं 1879चं. या सगळ्यांमागे अशाच ठरावीक पगाराच्या घरांची माणसं होती.

व्यवस्था आपल्या गावगाड्यासारखीच. वर मुकादम, तो समाजाचा प्रमुख. त्याच्या मदतीला चौगुला. सोबत चार-पाच वडीलधारे. प्रार्थना म्हणायला हजान आणि झाडलोट, दिवाबत्ती करायला शमाश. त्यांच्यात दीक्षित रब्बी नव्हतेच. जगभरच्या मोठ्या सिनेगॉगांत रब्बीचा पगार हा खर्चाचा मोठा भाग असतो. इथे तो बोजा नव्हता, म्हणून लहान गावालाही सिनेगॉग परवडलं.

समान वाटा

ज्यूंच्या धर्मग्रंथात देवघराच्या खर्चाचा एक फार जुना नियम आहे. वीस वर्षांवरच्या प्रत्येक पुरुषाने अर्धा शेकेल चांदी द्यायची. श्रीमंताने जास्त द्यायची नाही, गरिबाने कमी द्यायची नाही. आधी हे वाचून मला नवल वाटलं, श्रीमंताला जास्त देऊ का नये? मग उमगलं. त्या एका रकमेपुरते सगळे सारखे. देवघरावर कोणाचा हक्क मोठा नाही आणि कोणी फुकटात आलेला नाही.

पुढे जेरुसलेमच्या मंदिरासाठी दूरदूरच्या देशांतले ज्यू हा अर्धा शेकेल दरवर्षी पाठवत. इसवी सन 70 मध्ये रोमन फौजेने ते मंदिर पाडलं. मग रोमने तोच पैसा ज्यूंकडून कर म्हणून वसूल केला आणि आपल्या ज्युपिटरच्या देवळाकडे वळवला. ज्या पैशाने आपलं मंदिर चालायचं, तोच पैसा परक्या देवळासाठी भरायचा, या दुःखाची कल्पना करून बघा.

मंदिर गेलं, पण समान वाट्याची कल्पना राहिली. आज अमेरिकेतली बहुतेक सिनेगॉगं घरटी वार्षिक वर्गणीवर चालतात. तिथे सरकार धर्मासाठी कर गोळा करत नाही. बऱ्याच ठिकाणी मोठ्या सणांना बसायच्या जागेचेही पैसे घेतात. हल्ली काही सिनेगॉगांनी ठरावीक वर्गणी बंद करून 'जमेल तेवढं द्या' असंही सुरू केलं आहे. जर्मनीत उलट आहे. तिथे अनेक राज्यांत नोंदणी झालेल्या ज्यू माणसाच्या आयकरावर आठ-नऊ टक्के धर्मकर लागतो आणि तो सरकारमार्फत त्याच्या समाजाकडे पोचतो. जुन्या पोलंड आणि रशियात कोशर मांसावर कर लावून समाजाचा खर्च भागवत. हा विषय आपल्याला रुचणारा नाही, पण इतिहासात तो आहे, म्हणून सांगितला.

बोली, आणि तीही पैशाला हात न लावता

आता ज्या भागासाठी मी हा लेख लिहायला घेतला तो भाग. सिनेगॉगांतही बोली असते!

तोराहच्या गुंडाळ्या ज्या कपाटात ठेवतात त्याचा पडदा उघडायचा मान, तोराह उचलून फिरवायचा मान, वाचनाला पुढे बोलावलं जायचा मान. हे मान सणावारी लिलावाने देण्याची चाल पुष्कळ देशांतल्या ज्यूंमध्ये आहे, आणि आपल्या मुंबई-पुण्याकडेही ती आहे. वर्षाचं तोराहवाचन संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं त्या दिवशीचे मान सर्वांत मोठे समजतात. आपल्याकडे चौदा स्वप्नांचं घी बोलतात, पहिल्या अभिषेकाची, शांतिधारेची बोली लागते, अगदी तसंच. मान मिळतो एकाला, पण त्याच्या पैशाने दिवे सगळ्यांसाठी लागतात.

एक अडचण मात्र त्यांच्याकडे वेगळी. शब्बाथला आणि सणाच्या दिवशी पैशाला हात लावायचा नाही, लिहायचंही नाही. मग बोली तोंडीच होते आणि लक्षात ठेवायची. काही ठिकाणी नावांची कार्डं असतात, आकडा लिहायच्या ऐवजी कार्डाची कड दुमडून ठेवतात. सण उतरला की मग वहीत नोंद आणि भरणा. म्हणजे सगळा व्यवहार शब्दावर. नवस बोललास तर फेडायला उशीर करू नकोस, अशी त्यांच्या ग्रंथाची आज्ञाच आहे. आपल्याकडेही बोली बोलून थकवणं हा मोठा दोष मानतात. बोललेला पैसा त्या क्षणापासून आपला राहत नाही.

बोलीखेरीज नवसही असतो. बेने इस्राएलांमध्ये एलियाहू हानबीवर, म्हणजे संदेष्टा एलियावर, फार श्रद्धा. अलिबागजवळ खंडाळे इथल्या एका कातळावर त्याच्या रथाची खूण आहे असं मानतात. लग्न ठरलं, मूल झालं, परदेशी जायचं ठरलं की मलिदा करतात: भिजवलेले पोहे, नारळ, साखर, वर फळं. ताटाभोवती बसून प्रार्थना म्हणायची आणि प्रसाद वाटायचा. अशा आनंदाच्या वेळी सिनेगॉगलाही काही ना काही जातं. कोणी दिव्याचं तेल देतं, कोणी जरीचा पडदा. दात्यांची नावं हिब्रू, इंग्रजी आणि मराठीतही कोरलेली असतात. तेल्यांच्या समाजात दिव्याला तेल देणं यापेक्षा जवळचं दान कोणतं असणार?

शेठांचा मार्ग

आता पुण्याच्या लाल देवळाकडे येऊ. याचं खरं नाव ओहेल डेव्हिड. बांधलं डेव्हिड ससून यांनी. हे बगदादचे ज्यू, 1832 साली मुंबईला आले आणि कापूस, अफू यांच्या व्यापारात अफाट श्रीमंत झाले. पुण्याचं ससून रुग्णालय त्यांच्याच दानातलं. भायखळ्याचं मागेन डेव्हिड सिनेगॉगही त्यांचंच. 1864 साली ते पुण्यात वारले, लाल देऊळ पुरं झालं 1867 साली. त्याच आवारात त्यांची समाधी आहे. फोर्टमधलं निळं सिनेगॉग, केनेसेथ एलियाहू, 1884 साली त्यांचे नातू जेकब ससून यांनी बांधलं.

इथे घरटी वर्गणीची वाट कोणी पाहिली नाही. शेठांनी इमारत बांधली आणि पुढच्या खर्चासाठी ट्रस्ट करून ठेवले. मूळ रकमेला हात लावायचा नाही, उत्पन्नावर खर्च भागवायचा. आपल्या भाषेत कायम निधी. व्यवस्था पक्की, दिसायलाही भव्य. पण एक उणीव होती. बगदादी मंडळी बेने इस्राएलांना आपल्या बरोबरीचे मानायला फारशी तयार नसत. एकच धर्म, तरी दोन पंक्ती. हे वाचताना मी थोडी गप्प झाले. असं कुठे होत नाही?

माणसं गेली

1948 साली इस्रायल देश झाला. त्या सुमारास भारतात बेने इस्राएल वीस हजारांच्या आसपास होते. पुढच्या काही दशकांत त्यातले बहुतेक इस्रायलला गेले. बगदादी मंडळींपैकी बरीच इंग्लंड, ऑस्ट्रेलियाला गेली. आज साऱ्या भारतात मिळून ज्यूंची संख्या चार-पाच हजारांच्या घरात आहे, त्यातले बहुतेक मुंबई-ठाणे भागात.

त्यांच्या सामुदायिक प्रार्थनेला निदान दहा पुरुष लागतात. कोकणातल्या गावांत ते दहा जमेनात. वर्गणी देणारी घरं गेली, बोली बोलणारे गेले. इथे दोन्ही मार्गांची परीक्षा झाली.

शेठांच्या सिनेगॉगांत पैसा राहिला, पण प्रार्थनेला माणूस राहिला नाही. मग तिथे आले कोण? बेने इस्राएल. ज्यांना एके काळी दुसऱ्या पंक्तीला बसवलं, त्यांच्याच नातवंडांनी भायखळ्याच्या आणि पुण्याच्या सिनेगॉगांत प्रार्थना चालू ठेवली. भायखळ्याच्या आवारातल्या ससूनांच्या शाळेत आज शिकणारी मुलं बहुतेक मुसलमान कुटुंबांतली आहेत. निळं सिनेगॉग दुरुस्तीला आलं तेव्हा नुसत्या ट्रस्टच्या पैशाने भागलं नाही. जेएसडब्ल्यू फाउंडेशन आणि इतर संस्थांनी हात दिला आणि 2019 साली ते पुन्हा झळझळीत झालं. दान देणारे सगळे ज्यू नव्हते, आणि त्याने काही बिघडलं नाही.

कोकणात उलटं झालं. तिथे मोठा निधी नव्हता, पण गेलेल्यांच्या मनात गाव होतं. इस्रायलमधून लोक नवगावची दफनभूमी, आपल्या आजोबांचं सिनेगॉग बघायला येतात, दान देतात. दोन-चार घरं उरली तरी किल्ली सांभाळणारं कोणीतरी असतं. याशिवाय 1960च्या दशकापासून परदेशातल्या ज्यू संस्था मुंबईत वृद्धांना मदत आणि तरुणांना शिक्षण देत आल्या आहेत. 2016 साली महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. आपल्याला देशपातळीवर तो 2014 साली मिळाला, आठवत असेल.

पैसा वर चढतो, खाली उतरत नाही

माणसं गेल्यावर सगळीकडे एकच मोह होतो: रिकामी जागा विकून टाका. याबद्दल ज्यूंच्या जुन्या धर्मशास्त्रात, मिश्नामध्ये, एक नियम आहे. गावातला चौक विकला तर त्या पैशातून सिनेगॉग घेता येतं. सिनेगॉग विकलं तर तोराहचं कपाट, कपाट विकलं तर तोराहची वस्त्रं, वस्त्रं विकली तर धर्मग्रंथ, आणि ग्रंथ विकले तर तोराह. याच्या उलट मात्र चालत नाही. तोराह विकून सिनेगॉग बांधता येत नाही.

हे वाचलं आणि मी पुस्तक बाजूला ठेवून यजमानांना हाक मारली. श्वेतांबर परंपरेतली सात क्षेत्रं आठवा: जिनमूर्ती, जिनमंदिर, जिनागम, साधू, साध्वी, श्रावक, श्राविका. खालच्या क्षेत्राला दिलेला पैसा गरज पडल्यास वरच्या क्षेत्राला लावता येतो, पण देवद्रव्य खाली उतरत नाही. दोन समाज एकमेकांपासून किती लांब, भाषा वेगळी, देवाची कल्पनाच वेगळी. तरी धर्माच्या पैशाला त्यांनी एकच शिस्त घातली.

आणि त्या शिस्तीवर आता कायद्याचंही कुलूप आहे. आपल्या राज्याच्या 1950च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यात मंदिर, मठ, चर्च, अग्यारी यांच्याबरोबर सिनेगॉग हा शब्द लिहिलेला आहे. म्हणजे आपलं मंदिर आणि अलिबागचं सिनेगॉग एकाच कायद्याखाली येतात. दरवर्षी हिशेब तपासून द्यायचा आणि धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय स्थावर मालमत्ता विकायची नाही. त्यामुळे पुढे कधी आपल्या मंदिराच्या जागेबद्दल कोणी घाईने काही ठरवू लागलं, तर परवानगीचा कागद बघायला मागा. बायकांनीही मागा, तो आपला हक्क आहे.

आपल्या वहीसाठी

या सगळ्यातून माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. देवाचं घर बांधणं एका माणसाला जमतं. दिवेकरांनी एकट्याच्या नवसावर बांधलं, ससूनांनी एकट्याच्या तिजोरीवर. चालवायला मात्र पुष्कळ लहान हात लागतात, आणि ते हात संपले की कायम निधीसुद्धा नुसती इमारत राखतो.

आपल्याकडे बोलीचं कौतुक फार आणि वर्गणीचं कमी. पाच आकडी बोलीला टाळ्या पडतात. महिन्याला शंभर रुपये न चुकता देणाऱ्या विधवा काकूंचं नाव कोणी घेत नाही. लाइटचं बिल भरतं कोण? बऱ्याचदा त्या काकूच. म्हणून आमच्या महिला मंडळात मी सुचवणार आहे, की बोली चालू द्याच, पण घरटी एक समान रक्कम ठरवा, सगळ्यांना झेपेल एवढीच. शेठ असो की भाड्याच्या खोलीतला नवा संसार, तेवढी एक रक्कम सारखी. बाहेरगावी गेलेल्या मुलांनाही तेवढीच, मोबाइलवरून पाठवता येते. पैशापेक्षा महत्त्वाचं हे, की दर महिन्याला त्यांना गाव आठवेल. आणि वर्षातून एकदा तो हिशेब स्वयंपाकघरात बसूनही कळेल अशा सोप्या मराठीत लिहून सर्वांना द्या.

तुमच्या गावात कशी रीत आहे? बोली जास्त चालते की वर्गणी? बाहेर गेलेली मुलं पाठवतात का काही? मला नक्की कळवा.

जय जिनेंद्र.